गोदाकाकीने रशियाला विचारलेला प्रश्न

माझे वडील वारले तेव्हा बांदेकर मास्तर समाचाराला आले. पडवीतल्या बाकावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली, दोनदा घसा खाकरला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "विनायका, माणूस काय, जातलोच रे. पण थंय पोलाद खंय पोचला तां बघ!"

आत रडणारी आई रडायची थांबली आणि "काय पोचला म्हणतत?" असं माझ्या बहिणीला विचारू लागली.

'थंय' म्हणजे तिकडे, रशियात, आणि पोलाद म्हणजे तिथल्या कारखान्यांतलं. मुंबईला मास्तर मुंबई म्हणत, गोव्याला गोवा म्हणत. पण नुसतं 'थंय' म्हटलं की समजायचं, पोलाद निघालं. पावसाने ओढ दिली, शाळेचं छप्पर गळलं, कुणाचा बैल मेला, की मास्तर क्षणभर मान हलवायचे आणि म्हणायचे, "तां खरां. पण थंय पोलाद बघ." रागावून उपयोग नसे. त्यांना खरोखरच वाटायचं की ह्याने माणसाला बरं वाटतं.

मास्तर मूळचे बांद्याचे. मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी आमचा गाव, ऐंशी-नव्वद घरांचा. तिथल्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि ते भूगोल. दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि राहिले. सुट्टीत आम्ही सगळे कुठे ना कुठे जायचो, मास्तर कधी गेले नाहीत. विचारलं तर म्हणत, "बांद्याक जावन कोणाक भेटू?"

तुम्हाला वाटेल, ते पक्षाचे मेंबर होते. छे हो! मेंबर व्हायला मुंबईला जायला हवं, आणि मास्तरांना बोट लागायची. लागायची म्हणजे काय, धक्क्यावर उभं राहून नुसती बोट बघितली तरी पोटात ढवळायचं. एसटीने जावं म्हटलं तर फोंडाघाट मध्ये आडवा. एकदा हिय्या करून निघाले, घाटाच्या तिसऱ्या वळणावर उतरले आणि चालत खाली आले. तेव्हा क्रांती जी काय व्हायची ती आमच्या गावातच व्हायची होती.

झालीही थोडीफार. तपासनीस साहेब आले, त्यांनी चौथीतल्या पोराला विचारलं, "बाळ, तुझ्या गावाजवळून कुठली नदी वाहते?" पोरगा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "व्होल्गा." साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

मास्तर राहायला आणि जेवायला गोदाकाकीकडे. काकी आमच्या शेजारची. तिचे यजमान लढाईच्या दिवसांत बोटीवर खलाशी म्हणून गेले ते परत आले नाहीत. मेले म्हणून कागद नाही, जिवंत म्हणून पत्र नाही. एक मुलगी होती, शेवंती, ती सहाव्या वर्षी तापाने गेली. मालवणहून डॉक्टर आणेपर्यंत उशीर झाला. काकी ह्यातलं काही उगाळत बसायची नाही. फक्त कुणी कुठे गेल्याचं कानावर आलं की एकच विचारायची, "परत इलो?" कणकवलीच्या बाजाराला गेलेल्या माणसाबद्दलही हेच विचारायची.

मास्तरांनी खोलीत एक फोटो लावला होता. तिकडच्या मोठ्या पुढाऱ्याचा. भरदार मिश्या, गळ्यापर्यंत बटणं, नजर दूर कुठेतरी. काकीला वाटलं, मास्तरांचे वडील. बिचाऱ्याला मायेचं कोणी नाही, निदान बापाचं तरी नीट व्हावं म्हणून तिने त्या फोटोला रोज अबोलीचा हार घालायला सुरुवात केली. सर्वपित्रीला पुढ्यात पान वाढलं, भाताची मूद, वर वडा. मास्तर शाळेतून येऊन बघतात तो काय! पण काकीचे डोळे भरलेले बघून ते हातपाय धुऊन जेवायला बसले. ते मला म्हणाले, "विनायका, काय सांगू तिका? वडो मात्र बरो झालो होतो."

असं तीन वर्षं चाललं. मग एक दिवस पेपरात आलं की तो पुढारी वारला. मास्तर ओट्यावर डोकं धरून बसले. काकीने कारण विचारलं, त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. काकीच्या हातातला तांब्या खाली पडला.

"म्हणजे इतके दिस ह्यो जितो होतो?"

"व्हय काकी."

"आनी मी जित्या माणसाक हार घातलंय? तीन वर्सां?" तिने फोटोवरचा हार उतरवला. "रे मेल्या, सांगूचा नाय माका? माझ्या हारान गेलो तो!"

एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याला अबोलीच्या हाराने मारल्याचं पाप काकीने आठ दिवस डोक्यावर घेतलं. रोज देवळात जाऊन नाक घासायची. मास्तर इकडे समजूत काढत होते की तो म्हातारा झाला होता, आजारी होता, तुझा काही संबंध नाही. शेवटी काकीने विचारलं, "बरो माणूस होतो मा?" मास्तर म्हणाले, "काकी, तेच्यासारखो माणूस होवचो नाय." तेव्हा कुठे ती जेवली.

ह्यानंतर तीनेक वर्षांनी पेपरात दुसरीच बातमी आली. तिकडच्याच नव्या पुढाऱ्यांनी सांगितलं म्हणे, की जुन्याने माणसं मारली, तुरुंगात कोंबली. मग कोण कोण काय काय लिहू लागले. गावच्या गावं उठवून गाड्यांत भरून बर्फात नेऊन सोडली, शेतकरी उपाशी मेले. मी तो पेपर मुद्दाम दोनदा घडी घालून शाळेत नेला. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. पोलादाने मलाही वर्षानुवर्षं छळलं होतं. मधल्या सुट्टीत पेपर मास्तरांपुढे टाकला आणि म्हणालो, "मास्तर, पोलाद खंय पोचला तां बघा."

मास्तरांनी वाचलं. पेपराची पुन्हा तशीच घडी घातली आणि मला परत दिला. पुढचे आठ दिवस हा माणूस शाळेत भूगोलाशिवाय एक शब्द बोलला नाही. घरी त्यांनी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. सकाळी काकी केर काढताना तो सरळ करायची, संध्याकाळी मास्तर उलटा करायचे. मला फार वाईट वाटलं, पण ते सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

नवव्या दिवशी मास्तरांना कंठ फुटला. आम्ही काकीच्या ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, "चुको झाल्यो. मोठ्यो चुको झाल्यो. तां मी मानतंय. पण विनायका, पयलां थंय काय होता? लाकडी नांगर. अडाणी लोक. आज धरणां आसत, खेड्यांत वीज आसा, गावागावात दवाखाने आसत. पोरग्यो शिकान डाक्टर होतत. ह्यां पण तराजूत घालूक व्हया का नको?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकी म्हणाली, "दवाखानो व्हयोच. दवाखानो असतो तर माझी शेवंती आज दोन पोरांची आवस झाली असती."

"बघ!" मास्तर मला म्हणाले.

"पण माका एक सांग," काकी आमसुलं वाळत घालता घालता बोलत होती. "गावच्या गाव उठवन न्हेल्यान म्हणतत. ती माणसां परत किती इली?"

मास्तर म्हणाले, "इचारून सांगतंय."

आणि त्यांनी खरंच विचारलं. मुंबईच्या ज्या दुकानातून त्यांना तिकडची गुळगुळीत कागदाची मासिकं यायची, त्यांना पत्र लिहिलं. महिन्याभराने लांब गुंडाळी आली. काकीने हात पुसून समोर बैठक मारली. आतून निघालं कॅलेंडर. ट्रॅक्टरवर बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक गुबगुबीत बाई हसत होती.

"ही परत इली?" काकीने विचारलं.

"नाय गो, ह्यां कॅलेंडर."

काकीने ते उलटंपालटं करून बघितलं. "ह्याच्यात एकादशी खंय?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरलं. दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून गव्हाच्या लागवडीवरचं पुस्तक आलं. तिसऱ्याला काहीच आलं नाही. काकी मात्र विसरली नाही. ताट वाढताना आठवड्यातून एकदा तरी विचारायचीच, "इला काय रे उत्तर?" टोमणा म्हणून नव्हे. तिला ते खरोखर हवं होतं. आणि मास्तरांची मान ताटात आणखी खाली जायची. मला ते म्हणाले होते, "विनायका, ह्या बायेक मी उत्तर देवक नाय तर माझां सगळां बोलणां फुकट."

अशात आमच्या गावाची गावपळण आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन वर्षांनी आमच्याकडे देवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवायचे, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. होकार आला, नगारा वाजला, की अख्खा गाव तीन दिवस शीव सोडून बाहेर. म्हातारीकोतारी, पाळण्यातली पोरं, ढोरं, कोंब्या, कुत्रे, मांजरं, सगळी. गाव देवासाठी मोकळा. आम्ही खाडीपलीकडे माडाच्या झापांच्या खोप्या बांधतो आणि मजेत राहतो.

मास्तर आल्यापासून झालेल्या पळणींच्या वेळी ते नेमके आजारी पडून मालवणच्या दवाखान्यात होते. आता पहिल्यांदाच त्यांनी तिची तयारी डोळ्यांनी बघितली, आणि त्यांची पंचाईत झाली. एकीकडे ते हरखले. "एका हुकमार सगळो गाव हलता! हेका म्हणतत शिस्त!" दुसरीकडे चिडले. "पण हुकूम देता कोण? दगड! आनी गाव हलवन बांधतास काय? कायच नाय! थंय असतो तर तीन दिसांत रस्तो झालो असतो."

ह्या बोलण्यातूनच त्यांच्या डोक्यात ते आलं. गाव रिकामा असताना देवळापासून खाडीपर्यंत सरळ रस्ता आखायचा. खुंट्या मारायच्या, नकाशा करायचा आणि तालुक्याला पाठवायचा. रस्ता झाला की मालवणचा डॉक्टर अर्ध्या तासात गावात. ह्यात चूक काढायला कुठेच जागा नव्हती.

"माणसां असली की काम होणा नाय," ते काकीला समजावत होते. "जो तो म्हणता माझो माड, माझी पडवी. माणसां नसली की गाव कसो सरळ दिसता!"

"आनी मगे त्या रस्त्यार चलतलो कोण?" काकी म्हणाली. "गप माझ्या वांगडा चल. सगळो गाव भायर आनी तू एकटो भुतूर?"

ते ऐकेनात. मानकरी अण्णा गावकरांपर्यंत गोष्ट गेली. अण्णांनी पान जुळवत न्याय दिला, "परगावचो माणूस, तेतूर सरकारी नोकर. देव काय तां बघून घेतलो."

निघताना काकीने चूल सारवली, मास्तरांसाठी पेजेचे तांदूळ काढून ठेवले, सोलकढीचं आगळ दाखवलं. "जातंय" ती कधी म्हणत नसे. "तीन दिसांनी येतंय," म्हणाली आणि कोंब्यांची टोपली उचलून चालू लागली.

पलीकडे आमची चंगळ होती. तिसऱ्या खोपीत दुधवड्या, पाचवीत मटण, भजनं, फुगड्या, गजाली. पहिल्या दिवशी गावाकडच्या काठावर मास्तर दिसले, हातात दोरी, काखेत खुंट्यांचा भारा. आम्हाला बघून त्यांनी टोपी उंच हलवली. पोरं ओरडली, "पोलाद!" दुसऱ्या दिवशी ते काठावर येऊन नुसते उभे राहिले. हातात दोरी नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळपासूनच धक्क्याच्या पायरीवर बसलेले दिसले, धुतलेला सदरा घालून. काकी खोपीच्या दारातून तिकडेच बघत होती आणि मला म्हणाली, "तेणा पेज करून खाल्ली असात मा रे?"

दुपारी अण्णांनी आमच्या काठावरच्या देवाच्या पाषाणाला परतायचा कौल लावला. डावा पडला. म्हणजे आणखी एक मुक्काम. असं होतं अधूनमधून, गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणाला दुःख झालं नाही, उलट शिल्लक कोंबड्यांचा हिशोब सुरू झाला. फक्त एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. कौल चुकला की मुक्काम वाढतो, हे बांद्याच्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं.

उन्हं कलायच्या सुमाराला पोरांनी आरडाओरडा केला. होड्या सगळ्या आमच्या काठाला होत्या, आणि ओहोटीच्या पाण्यातून मास्तर चालत येत होते. छातीपर्यंत पाणी, एका हाताने चष्मा डोक्यावर धरलेला. ज्याला बोट बघून ढवळायचं तो माणूस! वर आले ते थेट अण्णांसमोर.

"कित्याक येवक नाय तुमी? तीन दिस झाले मा?"

"देव होकार देणा नाय, मास्तर."

"मगे परत इचारा!"

"परत?"

"परत लावा कौल! आत्ताच लावा!"

अख्खी वाडी हसायला लागली. मीही हसलो. अण्णा डोळे मिचकावत म्हणाले, "मास्तर, पण देव दगड मा?"

"दगड तर दगड! इचारा तेका!" मास्तर ओरडले, आणि त्यांचा आवाज असा फाटला की हसणं जागच्या जागी बंद झालं. सदऱ्यातून पाणी गळत होतं.

काकीने त्यांना हाताला धरून खोपीत नेलं, कोरडा पंचा दिला, चुलीपाशी बसवलं. मी मागोमाग गेलो. पेजेचं भांडं हातात धरून ते बोलू लागले, काकीकडे न बघता.

"पयल्याच दिसात रस्तो आखलंय. एकदम सरळ. तुझ्या रांदपाच्या खोलयेतसून जाता. खुंटी मारूक भुतूर गेलंय, तर तुझी सारवलेली चूल. तुझ्या बोटांचे वळ तशेच. खुंटी मारूक होयना माका. भायर इलंय. मगे घराघराच्या दारात जावन बघलंय. कोंबो नाय, कुत्रो नाय, भांड्याचो आवाज नाय. काकी, रिकामो गाव मी कधी बघूक नाय होतंय." भांड्यात बघत म्हणाले, "अशी किती गावां थंय रिकामी झाली, आनी मी 'चुको झाल्यो' म्हणान सोडलंय! आज सकाळपासून पायरेर बसान वाट बघलंय तुमची. तुमी येणास नाय म्हटल्यार माका वाटला..."

त्यांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या प्रश्नाचां उत्तर माका मिळाक नाय, काकी. कोण देवचो पण नाय. माका वाटता, ती परत इलीच नसतली."

काकीने लाकूड आत सारलं.

"पण दवाखाने झाले," मास्तर अगदी लहान आवाजात म्हणाले. "तां पण खरां मा?"

"तां पण खरां," काकी म्हणाली. "जेव आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा पडला. नगारा वाजला. पहिल्या होडीत मास्तर चढले, डोळे मिटून, काठावर वाकून भडभडून ओकत, पण गेले पहिले. आम्ही ढोरं, बोचकी, पोरं घेऊन शिवेपाशी पोचलो तो मास्तर वाटेत उभे, हात आडवे करून.

"गावकर अण्णा?"

अण्णा गोंधळले. "हय आसंय मा समोर!"

"हजर म्हणा."

"हजर," अण्णा म्हणाले, आणि पोरांनी खिंकाळून घेतलं. मास्तर हसले नाहीत. घरागणिक नावं घेऊ लागले. अण्णांची बायको, तिन्ही मुलगे, सुना, नातवंडं. मग पुढचं घर. हातात कागद नाही, सगळी नावं तोंडपाठ. सुरुवातीला टवाळी झाली. कुणी बोकडाच्या वतीने हजर म्हणालं. मास्तरांनी बोकड बघितला, मान हलवली आणि पुढे गेले. मग हळूहळू टवाळी विरली. डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायाही निमूट उभ्या राहून नावाची वाट बघू लागल्या. माझं नाव आलं तेव्हा मीही 'हजर' म्हणालो, आणि तो पेपर मी ज्या तोऱ्यात त्यांच्यापुढे टाकला होता त्याची मला लाज वाटली.

बाबी सुताराच्या घराशी गाडं अडलं. त्याच्या सुनेच्या कुशीत दोन दिवसांचं पोर होतं, खोपीतच झालेलं.

"ह्यां कोण?"

"नाव ठेवक नाय अजून, मास्तर."

मास्तरांनी वाकून त्या पोराकडे बघितलं. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "एक जास्त! एक जास्त परत इलां!"

सगळ्यात मागून कोंब्यांची टोपली घेऊन काकी आली. मास्तरांनी नाव घ्यायच्या आधीच म्हणाली, "इलंय रे बाबा, इलंय." मास्तर बाजूला झाले. काकी दोन पावलं पुढे गेली, थांबली आणि मागे वळली.

"सगळ्यांचां नाव घेतलंस. तुझां कोणी घेतल्यान?"

मास्तर कसंनुसं हसले. "माझां कोण घेतलो?"

काकीने टोपली खाली ठेवली. पदर सारखा केला. आणि शाळेत बाई हाक मारते तशी मोठ्याने म्हणाली, "पुरसो?"

त्यांचं नाव पुरुषोत्तम होतं हे मला पगारपत्रकामुळे माहीत होतं. पण पुरसो म्हणून त्यांना कोणी हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. ज्यांनी मारली असती ती माणसं बांद्याला केव्हाच संपली होती. मास्तर काकीकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

ते हजर म्हणाले असावेत. ओठ हललेले मला दिसले, ऐकू काही आलं नाही. काकीला मात्र आलं असणार, कारण तिने टोपली उचलली आणि म्हणाली, "मगे चल घराक."